खड्ड्यावरचा मारुती

"गुंडेरावकाका, दाबा की बटन! गुरुजींनी किती वेळ तांब्या धरून उभं राहायचं?" तानाजीनं देवळाच्या पायरीवरून हाक मारली.

गुंडेराव स्टार्टरच्या पेटीपुढं उभे होते. हिरवं बटण दाबायचं, एवढंच काम. पंप चालवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. पण आज बोट पुढं होईना.

"मी दाबत न्हाई," ते म्हणाले. "हे पाणी प्यायचं न्हाई."

बिदरच्या बाहेर, तळ्याच्या काठावर, वीस वर्षांपूर्वीपर्यंत रंगाचा कारखाना होता. नाकाला फडकं बांधल्याशिवाय तिकडं कुणी फिरकत नसे. आता तिथं लेक व्ह्यू लेआउट नावाची वसाहत झाली होती. चिमणी पाडली, शेड भंगारात गेल्या, कुंपणाच्या जागी बोगनवेल आली. चाळीस घरं, सिमेंटचे रस्ते, पोरांना झोके. लोक हवा खायला येऊ लागले. जुन्यातलं एकच काय ते जागेवर राहिलं होतं, ते म्हणजे मारुती. बिल्डरनं त्याला हात लावला नाही. उलट फरशी बसवून छोटं देऊळ बांधलं, आणि देवाच्या पायाशी पाणी गोड लागतं म्हणून गेल्या महिन्यात तिथंच दहा हातांवर बोअर मारला. टँकरला वैतागलेल्या चाळीस घरांना आजच्या शनिवारपासून त्याचं पाणी मिळायचं होतं.

हा मारुती आला कुठून, हे मात्र जमलेल्यांत दोघांनाच ठाऊक होतं. एक गुंडेराव आणि दुसरे तानाजीचे वडील हरिबा. दोघं कारखान्यात एकाच पाळीला. कारखाना बंद करताना मालकानं उरलेला गाळ आणि गळकी पिंपं एका मोठ्या खड्ड्यात ढकलली आणि वर माती लोटली. 'धोका, खणू नये' असा पत्रा लावला, तो आठवड्यात चोरीला गेला. दुसरा लावला, तोही गेला. अक्षरं कोण वाचतो, पत्र्याला भाव होता. "देवाला कुणी चोरत न्हाई," हरिबा म्हणाले. मग गुंडेरावांनी तळ्याकाठचा धोंडा खांद्यावर वाहून आणला आणि हरिबांनी त्याला शेंदूर फासला. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस देव बसवून आला, म्हणून गुंडेरावांच्या पत्नी विमलबाई आठ दिवस नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

युक्ती मात्र लागू पडली. वीस वर्षं तिथं कुणी कुदळ मारली नाही. देवाच्या जागेवर आपल्याकडं कुणी खणत नाही. पण देवाशेजारी पाणी मात्र हटकून शोधतात, एवढं त्या दोन शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बोअर मारला तेव्हा गुंडेराव मैत्रेयीकडं, लेकीकडं, कलबुर्गीला होते. परत आले ते लेआउटच्या पंपावर नोकरी मिळाली म्हणून, आणि बोअर बघून त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ऑफिसात जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी हसून चहा पाजला.

"पाण्याला काय झालंय, काका?" तानाजीनं विचारलं. लेआउटच्या मंडळाचा तो अध्यक्ष.

"खाली कारखान्याचा खड्डा हाय. विषाचा."

"मारुतीच्या खाली?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही देव मानत न्हाई तर नका मानू. आमच्या देवाला कामून बोलायलात?"

गुंडेरावांच्या अंगाची लाही झाली. हे वाक्य येणार हे त्यांना पहाटेपासून माहीत होतं. आपण सांगितलं तर ती देवाची निंदा, तेच हरिबांनी सांगितलं तर माहिती. त्यांनी गर्दीत हरिबांना शोधलं.

"हरिबा, तू सांग की. शेंदूर कुणी फासला?"

हरिबांनी धोतराचा सोगा सारखा केला. जन्मभर पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला म्हातारपणी याच लेआउटात स्लॅबचं घर मिळालं होतं, अंगणात तुळस, दारावर लेकाच्या नावाची पाटी.

"मला काय आठवत न्हाई, गुंडेराव. म्हातारे झालो आपण."

गुंडेरावांना मालकाचाही कधी इतका राग आला नव्हता. आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

तानाजीनं पुढं होऊन स्वतःच बटण दाबलं. मोटर घरघरली, पाइप थरथरला आणि पाणी आलं. कडेला थोडा फेस होता. गुंडेरावांनी वास ओळखला. हाच वास मारणारे त्यांचे शर्ट विमलबाई बारा वर्षं वेगळ्या बादलीत धूत होत्या.

"नव्या पाइपाचा वास हाय, जाईल," कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी तांब्या भरला, देवाला पाणी घातलं आणि तीर्थ द्यायला बसले. पहिला मान हरिबांचा. त्यांनी ओंजळ पुढं केली. गुंडेराव बघत होते, हे त्यांना कळत होतं. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

त्यांच्या मागं सून मंजुश्री होती. सहावा महिना. तिनं पदर सावरून तळवा पुढं केला आणि गुरुजींनी पळी वाकवली.

हरिबांनी तिचं मनगट धरून हात बाजूला ओढला. पाणी फरशीवर सांडलं.

"तू घेऊ नगंस."

"कामून, मामा? तीर्थ हाय की."

"नगं म्हटलं ना!"

हरिबांचा आवाज चिरकला होता. गुरुजींची पळी हवेतच राहिली. तानाजी बापाकडं बघायला लागला, पण हरिबांनी मान वर केली नाही. सुनेचं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

मंजुश्रीनं सासऱ्याकडं पाहिलं, मग गुंडेरावांकडं. दुसऱ्या हातानं तिनं ओला तळवा पदराला पुसला. परत पुसला.

"मामा," ती हळू म्हणाली, "घरच्या नळाला बी हेच पाणी यायचंय न्हवं?"

मोटर चालूच होती. वर चाळीस घरांच्या टाकीत पाणी पडत असलेलं सगळ्यांना ऐकू येत होतं.