हाडक्याची चार बोटं

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझ्यावरचे आकडे पुसले जावोत. सात आणि अकरा आधीच पुसलेत, पण ती भानगड वेगळी.

मी एक जुनी कापडी टेप आहे. माझी मालकीण शिवणकाम करते आणि तीस वर्षं मी तिच्या गळ्यात लोंबकळले. माझ्याइतकं खरं बोलणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. मला बघितलं की माणसं पोट आत ओढायची, आणि मी थांबून राहायचे. बेकरीवाल्याने एकदा पाऊण तास दम धरला होता. सोडला तेव्हा समोरच्या दुकानाची पाटी हलली.

मग ते शिंगरू आलं आणि माझं नाव मातीत गेलं.

मालकिणीच्या भावजयीने ते आणलं. बुटक्या जातीचं, मोठं झालं तरी शिवणयंत्राच्या टेबलाएवढंच राहणारं. पोरांना फेऱ्या मारून आणणाऱ्या एका घोडेवाल्याने त्याला उपाशी ठेवलं होतं. अंगावर केस असे दाट, की लांबून गुबगुबीत दिसायचं. खाली हात घातला की बरगड्या मोजून घ्याव्यात. नुसता हाडक्या आहे, असं मालकीण म्हणाली आणि तेच नाव पडलं. मला तर तो पहिल्या दिवसापासून नको होता. छाती मोजायला गेले, तर माझं पितळी टोक चावला. खड्डा अजून आहे.

नणंद-भावजयींचं आधीच विळ्याभोपळ्याचं. मालकिणीने अट घातली, की अंगण माझं आहे. छातीचा घेर आज तीस इंच. महिन्यात चार बोटं, म्हणजे तीन इंच वाढला तर राहील, नाहीतर जिथून आणला तिथे परत. मोजणार मालकीण स्वतः, तिच्याच टेपने.

भावजयीने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने जंतांचं औषध दिलं, दाढांची टोकं कानशीने घासली आणि बजावलं, की भूक बघून एकदम खुराक ओतलात तर पोट दुखून मरेल. थोडं थोडं द्या, पाच वेळा. मग ती दिवसातून पाचदा भिजवलेलं गवत नि कोंडा घेऊन त्याच्यापुढे बसायची. मालकीण खिडकीतून ऐकवायची, की माझ्या भावाला कधी एवढ्या प्रेमाने वाढलं नाहीत. भावजय म्हणायची, हा निदान जेवणाला नावं ठेवत नाही.

एका दुपारी भावजय बाहेर गेलेली असताना हाडक्याने मालकिणीच्या वाळत घातलेल्या कापडाला तोंड लावलं. दोरी शोधायचा कंटाळा, म्हणून मालकिणीने मलाच त्याच्या पट्ट्यात ओवलं आणि खांबाला बांधलं. तेवढ्यात भावजय बादली घेऊन येताना दिसली. हाडक्याने असा हिसका दिला, की खांब वाकला. मला सोडलं, तेव्हा माझा एकेक इंच लांबला होता. कुणालाच पत्ता नव्हता. मला होता. पण टेपला बोलता येत नाही, आणि खरं सांगते, बोलायची इच्छाही नव्हती.

पुढच्या एकाही मापाला मी तीसच्या वर गेले नाही.

"वन्सं, गळ्याचा पट्टा मी दोन भोकं सैल केलाय."

"चामडं आहे ते, ढिलं पडतं. माझी टेप खोटं बोलत नाही."

शेवटच्या दिवशी कसेबसे तीस. घोडेवाला दोरी घेऊन अंगणात आला. भावजय हाडक्याच्या मानेला धरून बसली, उठेना. तेवढ्यात टपालवाला नवी विजार घालून दारात आला. माप महिन्यापूर्वी, मी ताणली जाण्याआधी दिलं होतं; कापड मात्र परवा कापलं आणि काल त्याने शिवलेली विजार नेली. पत्र द्यायला त्याने हात पुढे केला आणि विजार घोट्यावर आली.

"वाळलात की काय तुम्ही?" मालकीण म्हणाली.

"एकाच महिन्यात, एकाच टेपने, दोघंही वाळले, वन्सं?"

 मालकिणीने आतून लाकडी गज आणला आणि मला त्याच्याशेजारी ठेवलं. माझा तीसचा आकडा गजावरच्या तीसच्या बराच पुढे पडत होता. मग मला हाडक्याच्या छातीभोवती गुंडाळलं, जुळलेल्या जागी चिमटीत धरलं आणि तसंच गजावर टेकवलं. तेहतीस. चार बोटं, पूर्ण. घोडेवाला रिकामी दोरी घेऊन गेला.

आता मालकिणीच्या गळ्यात नवी टेप आहे. मी हाडक्याच्या दाराला खिळ्यावर, आणि तो येता-जाता मला चघळतो. म्हणून सांगते मित्रांनो, जनावर लांबून जाड दिसलं तरी केसांखाली हात घालून बघा. आणि मोजायच्या वस्तूने बांधाबांध करू नका.

बरं, एक गोष्ट मात्र मी बनवून सांगितली. चार बोटं नव्हती. साडेतीन होती. भावजय तोंड फिरवून बसली होती, घोडेवाला दोरीची गाठ सोडत होता. मालकिणीने मला हाडक्याच्या छातीवर आवळलं, आणि माझ्या आत हळूच स्वतःचं एक बोट घातलं.