सपाट दगडाशेजारचा रानमरवा

मला उतारावरून उपटून आणण्यात थोरल्या सुनेचे तीन फायदे होते. पहिला, खानावळीच्या बटाट्याच्या सुपाला सासूबाईंच्या वेळचा वास परत येणार होता. दुसरा, धाकट्या जावेचं तोंड बंद होणार होतं. तिसरा तिने कुणाला बोलून दाखवला नाही, पण तो पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा होता. मामंजी पुन्हा दुसरी वाटी मागणार होते. सासूबाई गेल्यापासून म्हातारा एका वाटीवर उठत होता, आणि तीही संपवल्यासारखं दाखवून. यात माझा फायदा काय, हा प्रश्न निघालाच नाही. झाडाला कोण विचारतं?

तर मित्रांनो, मी एक जुना रानमरवा आहे. गुडघ्याएवढी उंची, नखाएवढी पानं, उन्हाळा सरताना येणारी फिकट जांभळी फुलं. बागेतला मरवा तुम्ही पाहिला असेल. तो आमच्याच नात्यातला, शहरात जाऊन सुधारलेला. आम्ही रानातच राहिलो. सध्या माझा मुक्काम खानावळीच्या गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्यात आहे. डब्यावरचं सूर्यफुलाचं चित्र अजून पुसलेलं नाही, त्यामुळे नवा माणूस आधी चित्राकडे बघतो आणि मग माझ्याकडे, जरा निराश होऊन.

माझा जन्म खानावळीमागच्या उतारावरचा. वरच्या अंगाला नुसता खडक आणि दिवसभर ऊन. तिथले आमचे भाऊबंद तिखट. पान चुरगळलं की ओव्यासारखा भपकारा यायचा. बकऱ्यासुद्धा तोंड फिरवायच्या. खाली ओढ्याजवळ एक खोलगट जागा होती, तिथे थंडी साचायची. तिथल्यांचा वास मवाळ, फुलासारखा, थोडा लाजरा. मधे कुणाला लिंबाची झाक, कुणाला मिरीची, एका म्हाताऱ्याला ओल्या लाकडाची. एक तर असा होता की त्याला वासच नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. बाहेरून बघाल तर सगळे एका साच्यातले. पान चुरगळल्याशिवाय कुणाचा स्वभाव कळायचा नाही.

मधमाश्या आमच्यात डावंउजवं करत नसत. वरच्याचा पराग खालच्याला, खालच्याचा मधल्याला. माझ्या फुलांत तर स्वतःचा पराग नाहीच. आमच्यातल्या काहींचं असं असतं. त्यामुळे माझं प्रत्येक बी ही कुणा ना कुणा शेजाऱ्याची मेहेरबानी. म्हणूनच आमची मुलं आमच्यासारखी निघत नाहीत. मवाळाच्या पोटी तिखट येतो, तिखटाच्या पोटी लिंबू. उतारावर कुणी त्याचं नवल केलं नाही.

सासूबाई टोपली घेऊन यायच्या. वरून खालपर्यंत वळणावळणाने फिरायच्या आणि प्रत्येकाची एकच डहाळी खुडायच्या. "एका घरी दोनदा मागायला जात नाही मी," असं आम्हालाच बजावायच्या. तिखटाची एक, लिंबाची एक, मिरीची एक, बिनवासाच्याचीही एक, त्याला वाईट वाटायला नको म्हणून. टोपलीत सगळा उतार जमा व्हायचा. मग माझ्या शेजारच्या सपाट दगडावर त्या बराच वेळ बसायच्या. त्यात माझं कौतुक काही नव्हतं. त्यांचे गुडघे दुखायचे.

पण खानावळीच्या मागच्या खिडकीतून उताराचा तेवढाच तुकडा दिसायचा. थोरली भांडी घासता घासता बघायची, तर सासूबाई नेहमी त्या दगडापाशी, माझ्यावर वाकलेल्या. तिने मनाशी गाठ मारून ठेवली, की गुपित आहे ते तिथे.

सासूबाई गेल्यावर सुपात बाजारातलं पाकीट पडू लागलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "चांगलं आहे." हे कसलं चांगलं, ते खानावळवाल्यांना कळतं. धाकटी बोलायला मोकळीच होती.

"जाऊबाई, सूप अगदी छान झालंय हं. कुणाच्या घरचं?"

दुसऱ्या दिवशी जुनं उलथनं आणि पोतं घेऊन थोरली उतारावर आली. उलथन्याने झाड काढायचं म्हणजे काय हाल, ते मला विचारा. अर्धी मुळं दगडाखालीच राहिली. माझी फुलं तेव्हा वाळलेली होती आणि त्यांत बी धरलेलं होतं. पोत्यातून जाताना मी शेवटचा वास घेतला. वरून तिखट, खालून मवाळ, मधून लिंबू. तो वास एकट्याचा कुणाचाच नव्हता.

त्या दुपारी थोरलीने माझी पानं सुपात घातली आणि मामंजींसमोर हात पुसत उभी राहिली.

"कसं झालंय, मामंजी?"

मामंजींनी घोट तोंडात धरून ठेवला. "ओळखीचं आहे," ते म्हणाले. "घोळक्यात बघितलेला माणूस एकटा भेटावा ना, तसं. चेहरा कळतोय, पण कोण ते आठवत नाही."

वाटी एकच झाली. थोरलीला वाटलं, मी दुबळा पडलो. तिने मला खत घातलं, तांदूळ धुतल्याचं पाणी घातलं, रोज घातलं. मी सुजल्यासारखा वाढलो, आणि वास आणखी पातळ झाला. मित्रांनो, उतारावर मला पोटापुरतंच मिळायचं. त्या ओढाताणीतच वास धरायचा. इथे रोजची पंगत. लाडाने माणूस बिघडतो असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात; मी फक्त झाडापुरतं सांगतो.

माझं कौतुक एकाच माणसाने केलं, आणि ते फार महाग पडलं. खिडकीजवळच्या टेबलावर मसाल्याचा एक व्यापारी जेवायला येई. त्याने वाटीवर नाक नेलं आणि विचारलं, "हे पाकिटातलं नाही. कुठून आणता?" इतक्या दिवसांनी कुणी बरं बोललं म्हणून थोरली फुलून गेली. त्याला हाताला धरल्यासारखी मागच्या खिडकीपाशी घेऊन गेली. "तो दगड दिसतोय ना? तिथला. रान भरलंय नुसतं!"

व्यापारी उतारावर गेला. पानं चुरगळत वरपासून खालपर्यंत हिंडला. त्याला वरचा एक तिखट पसंत पडला. वाळवला तरी त्याचा वास पाकिटात टिकतो. बाकीच्यांना त्याने भेसळ ठरवलं. उतार भाड्याने घेतला आणि सगळे उपटून त्यांचा ढीग पेटवला. सपाट दगड कुंपणाच्या भिंतीत गेला. मग त्या एकाच तिखटाच्या फांद्या तोडून सरळ ओळींत लावल्या. लांबून बघणाऱ्याला केवढं कुटुंब वाटावं. तसं ते नव्हतं. एकच जण पुन्हा पुन्हा उभा होता.

गच्चीवरून मला उतार दिसतो. धुराच्या दिवशीही दिसत होता. जळतानासुद्धा आमच्यातल्या प्रत्येकाचा वास वेगळा येत होता. लिंबू आधी आला, ओलं लाकूड सगळ्यात शेवटी. थोरलीने तेव्हा वाळत घातलेले टेबलक्लॉथ काढून नेले आणि गच्चीचं दार लावून घेतलं. त्यांना धूर लागत होता.

इकडे माझ्या डब्यात वाळल्या फुलांतलं बी गळून रुजलं होतं. धाकटीला भांडी घासण्यापेक्षा मातीत बोटं घालणं बरं वाटायचं. तिने एकेक रोप वेगळ्या डब्यात लावलं. थोरलीने पानं चुरगळून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याला ओव्याचा वास, याला लिंबाचा, आणि याला तर काहीच नाही. एकही आईसारखं नाही. फेकून दे."

"आम्ही चौघी बहिणी," धाकटी म्हणाली. "एकीचंही नाक आईसारखं नाही. फेकल्या का तिने?"

"तुझ्या बाबतीत विचार करायला हवा होता तिने."

पण डबे राहिले. फेकायलाही वर चढावं लागतं, आणि थोरलीला तेव्हा दाढदुखीने हैराण केलं होतं. एके दिवशी ती गालाला फडकं बांधून झोपून राहिली आणि सूप धाकटीच्या गळ्यात पडलं. मला तर खुडून खुडून उघडा केलेला. कुठल्याच रोपाला एका पातेल्याएवढी पानं नव्हती. धाकटीने वैतागून प्रत्येक डब्यातली एकेक डहाळी तोडली.

मामंजींनी पहिला घोट घेतला. मग दुसरा. भराभर जेवले, आणि रिकामी वाटी पुढे सरकवली.

"आणखी आहे का गं?"

थोरली गाल धरून तशीच बाहेर आली. "काय घातलंस त्यात?"

"जे होतं ते. सगळ्यांतलं थोडं थोडं."

"हीसुद्धा तसंच करायची," मामंजी वाटीत बघत म्हणाले. "उताराचं एक घर सोडायची नाही."

"मग सासूबाई त्या दगडापाशी का थांबायच्या?"

"गुडघे दुखायचे तिचे."

धाकटी हसली नाही. हसली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

थोरली तशीच टोपली घेऊन उतारावर गेली. हे मी गच्चीवरून पाहिलं. बोलणं मात्र तिने नंतर धाकटीला सांगितलं. कुंपणाशी राखणदार होता.

"बाई, आत येऊ नका. लागवड आहे."

"इथं मरवा होता."

"आहे की! सगळा मरवाच आहे."

तिने कुंपणावरून हात घालून पहिल्या ओळीतलं पान चुरगळलं. मग चालत टोकाला जाऊन शेवटच्या ओळीतलं. पुन्हा पहिल्या ओळीशी आली. संध्याकाळी ती माझ्याशेजारी उपड्या बादलीवर बसली. चपला चिखलाने भरलेल्या. "मीच दाखवलं त्याला," ती म्हणाली. धाकटीने तिच्या हातात चहा दिला आणि चपला धुवायला नेल्या.

माझ्या फुलांवर अजून मधमाश्या येतात. पण त्या येतात समोरच्या ओळींवरून. पराग त्या एकट्या तिखटाचाच आणतात, त्यामुळे माझं नवं बी रुजतं तेही त्याच्याकडे झुकलेलं. वारा उतारावरून आला की मी जुन्या सवयीने वाट बघतो. आधी तिखट येतो. मग मी पुढच्यांसाठी थांबतो. तिखटच येत राहतो.

गेल्या हिवाळ्यात कडाका पडला. दोघी जावांनी डब्यांवर जुने टेबलक्लॉथ घातले, कडेने पोती लावली. तरी लिंबाचं रोप गेलं. उतारावर एक लिंबू गेला असता तर मागे त्याचे कितीतरी भाऊबंद उभे होते. गच्चीवर तो एकच होता. थोरलीने कुणाला काही सांगितलं नाही. बाकीच्यांच्या डहाळ्या जरा जास्त घातल्या. मामंजींनी घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"आज कोण आलं नाही?"

मित्रांनो, मला खत घाला, पाणी घाला, असं मी सांगणार नाही. ते मला भरपूर मिळालं. माझी विनंती उताराबद्दल आहे. असा एखादा उतार तुमच्या घरामागेही असेल. तिथे जा, पान चुरगळा, प्रत्येकाची एकच डहाळी घ्या, आणि त्याला त्याच्या जागी राहू द्या. ज्याला वास नाही त्यालासुद्धा.

आता हिशेब. थोरलीला सूप मिळालं, मामंजींची दुसरी वाटी मिळाली. धाकटीचं तोंड बंद व्हायचं होतं, ते राहिलं. व्यापाऱ्याला पाकिटं मिळाली. मला सूर्यफुलाचा डबा. आणि किंमत भरली ती त्यांनी, ज्यांना या सौद्यात कुणी विचारलंच नव्हतं. खोलगटातल्या मवाळांनी, मिरीवाल्याने, ओल्या लाकडाच्या वासाच्या म्हाताऱ्याने, आणि त्या बिनवासाच्याने, ज्याने कधी कुणाच्या नाकालाही त्रास दिला नव्हता. शेवटी लिंबाने. त्याचा डबा थोरलीने फेकलेला नाही. मातीसकट माझ्याशेजारीच आहे, आणि सकाळी सगळ्यांना पाणी घालताना ती त्यालाही घालते.