कॉलेजवालीचा हात आणि मी

आजींच्या पलंगाला टेकून उभी असते ना, ती काठी मी. आधीच सांगून टाकते, मी भारी जळकी आहे. नंतर कुणी म्हणायला नको.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. त्याने मला घासून गुळगुळीत केलं, मूठ वाकवली आणि पायात रबराचं बूच घातलं. आजोबांनी मला विकत घेतलं आणि ते गेल्यावर मी आजींची झाले. आजी जन्मभर नर्स होत्या. हॉस्पिटलचे व्हरांडे तुडवून तुडवून त्यांचे गुडघे गेले. वृद्धाश्रमात आल्या तेव्हा त्यांच्यासोबत एक बॅग, आजोबांचा फोटो आणि मी, एवढंच होतं.

रोज सकाळी आम्ही दोघी फाटकापर्यंत जाऊन यायचो. बाकावरचे काका हमखास विचारायचे, "काय नर्सबाई, राउंडला निघालात वाटतं?"

"मग! पेशंट जागेवर आहेत की पळाले, बघायला नको?" आजी म्हणायच्या.

त्यांच्या हाताने माझी मूठ काळी पडली होती. मला त्याचाही तोरा होता.

आणि मग ती आली, कॉलेजवाली. त्यांच्या कोर्समध्ये म्हणे नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. दर आठवड्याला वृद्धाश्रमात येऊन काम करायचं आणि त्यातून काय शिकलो ते सगळ्यांसमोर मांडायचं. त्याला मार्क असतात. असेनात का! पण मी पहिल्याच दिवशी ओळखलं, ही माझी सवत.

"आजी, काठी कशाला? मी आहे ना!" असं म्हणत तिने मला उचललं आणि दारामागे ठेवून दिलं, छत्रीच्या शेजारी. आजी तिचा हात धरून हसत हसत निघून गेल्या. छत्रीला कोपऱ्याची सवय आहे, मला नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती यायची त्या दिवशी आजी सकाळपासून केस विंचरून बसायच्या. माझ्यासाठी कधी विंचरले होते का? हॉस्पिटलचे सगळे किस्से त्यांनी तिला सांगितले. ते मला तोंडपाठ होते, पण मला कधी साधा हुंकार देता आला नाही. ती मेली मात्र "अय्या, खरंच?" करत डोळे मोठे करायची, की आजी आणखी खुलायच्या.

बाकीचे दिवस आजी पलंगावरून उठेनाशा झाल्या. "ती आली की जाऊ," म्हणायच्या. आधी मला राग आला, मग भीती वाटायला लागली. एकदा त्या मला घेऊन उठल्या तर पाय लटलट कापायला लागले आणि त्या मटकन खाली बसल्या. नेमकं ते आश्रमाच्या ताईंनी पाहिलं.

"आजी, एकटीने चालता येत नसेल तर मागच्या विभागात हलवावं लागेल हं तुम्हाला."

मागचा विभाग म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथून फाटक दिसतही नाही. आजी "बघू" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मग कॉलेजच्या मुलांनी काय शिकलो ते मांडायचा दिवस आला. जेवणाच्या हॉलमध्ये गोल खुर्च्या मांडल्या होत्या. कॉलेजच्या मॅडम होत्या, आश्रमातली मंडळी होती. मला कुणीतरी आणून भिंतीला टेकवलं होतं. कॉलेजवाली उभी राहिली.

"मी आले तेव्हा आजी काठी घेऊन चालायच्या. आता त्यांना काठी लागतच नाही. माझा हात पुरतो!"

टाळ्या पडल्या. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू!

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण तू नसतेस त्या दिवशी आजी कशा चालतात?"

तिने आजींकडे पाहिलं. आजी मान खाली घालून बसल्या होत्या.

"नाही चालत गं," त्या म्हणाल्या. "मी नर्स आहे, पायातली ताकद चाललीये हे मला कळत होतं. पण कितीतरी वर्षांनी कुणाचा ऊबदार हात हातात आला. सोडवेना."

मी गारच पडले. ऊब मी कुठून आणू? मी पडले लाकूड.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "मी विचारलंच नाही तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं, मी मदत करतेय."

पुढच्या खेपेला तिने स्वतः मला आजींच्या हातात दिलं आणि आपले हात पाठीमागे बांधून ती मागून चालू लागली.

"अगं धर की जरा!" आजी ओरडल्या.

"नाही धरणार. ओरडा हवं तितकं."

तिचे डोळे भरले होते. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? त्यानंतर ती वरचेवर यायला लागली. आधी दारापर्यंत, मग काकांच्या बाकापर्यंत, असं करत आम्ही पुन्हा फाटक गाठलं. ताईंनी मागच्या विभागाचं नाव काढणं सोडलं.

कोर्स संपला त्या दिवशी आजी तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. मला डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात ती वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिल्या.

आता आजी पुन्हा माझ्या एकटीच्या आहेत. रोजची राउंड चालू आहे, काका रोज तेच विचारतात. पण फाटकाशी पोचलं की आजी थांबतात. भार सगळा माझ्यावर असतो आणि नजर त्या वळणावर.

कॉलेजवाले, तुझे मार्क मिळाले असतील एव्हाना. तरी ये. चालताना मध्ये येऊ नकोस, ते काम माझं. फाटकापर्यंत जाऊन आलो की मला काकांच्या बाकाला टेकवून ठेव आणि त्यांचा हात धरून बस. मी जळेन. जळू दे मला, पण तू ये.