बोटांचा वास

आक्काला झाड ओळखता आलं नाही, असं गल्लीत कधी घडलं नव्हतं. पान बोटांत चुरायचं, नाकाशी न्यायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. वाचून बाग करणाऱ्यांची झाडं वाळतात, हे ती तोंडावर सांगे.

त्या दिवशी समोरची शिवणवाली मूठभर लांब पात घेऊन आली. महिन्याभरापूर्वीच ती त्या घरात राहायला आलेली. आधीच्या भाडेकरूंनी परसात काय पुरलं होतं कोण जाणे, आता रांगेनं वर आलं होतं. आक्का सकाळपासून लसूण सोलत बसली होती. तशीच एक पात चुरून तिनं हुंगली.

"लसणाचीच जात. अंड्यात चिरून घाल, पोरी बोटं चाटतील."

शिवणवाली खूश होऊन गेली. लसूण संपल्यावर आक्कानं कुंडीतल्या गुलाबाचं एक किडकं पान खुडून चुरलं, हुंगलं. लसूण! जिन्याच्या कठड्यावर बोटं घासून कठडा हुंगला. तोही लसूण!

"वास पातीला नव्हताच," ती पुटपुटली.

"आई, मी जाऊन सांगू का, तुमची खात्री नाही म्हणून?" दारातून ऐकून सून म्हणाली.

"खबरदार! माझं तोंड काय भाड्यानं दिलंय?"

रस्ता ओलांडेपर्यंत आक्कानं दोन सबबी जुळवल्या. दार उघडंच होतं. दोन्ही मुली ताटावर बसलेल्या, शिवणवाली वाढत होती.

"अगं, पात जून आहे. चव नाही यायची. टाकून दे."

"कोवळी लुसलुशीत आहे की! बसा, तुम्हीही खा."

"कीड मारायचं औषध असेल त्यावर."

"तीनदा धुतलीय. आक्का, आमच्याच परसातली आहे हो, तुमच्या कुंडीतली नाही चोरली!"

मोठी फिदीफिदी हसली. धाकटीनं घास तोंडात टाकला.

"थुंक ते!" आक्का ओरडली. "मी चुकले. माझ्याच हाताला लसूण होता. ही पात कसली, मला ठाऊक नाही. फुलाच्या कांद्याची असली तर विष आहे!"

शिवणवालीनं धाकटीच्या तोंडात बोट घालून घास काढला. "गिळलंस?"

"थोडंसं."

दवाखाना कोपऱ्यावरच. शिवणवाली पोरीला कडेवर घेऊन पुढे धावली, मागून उरलेली पात मुठीत धरून आक्का. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

खोलीतले सगळे आक्काकडे बघायला लागले.

"मला नका विचारू. मी एकदा चुकीचं सांगून बसलेय. रोपवाटिकावाल्याला फोन लावा, आणि हे दाखवा."

त्यानं फोटो बघून सांगितलं, फुलाचाच कांदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी पात पोटात गेली असेल तर उलट्या होतील, पोरीवर लक्ष ठेवा. धाकटीला दोनदा उलटी झाली. शिवणवाली आक्काकडे पाठ करून पोरीचं डोकं धरून बसली, पण आक्का बाकावरून हलली नाही. संध्याकाळी पोरगी उठून बसली नि म्हणाली, "भूक लागली."

"काय देऊ?" आक्कानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.