सागरदर्शनचं सॅम्पल जहाज

अंधेरी पूर्वेला ‘सागरदर्शन’ नावाची एक सोसायटी आहे. तिच्या गच्चीवरून समुद्र सोडून बाकी सगळं दिसतं, मुख्यतः विमानांची पोटं. विमान आलं की वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि ते गेलं की तिथूनच उचलायचं, हे इथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. विमानतळ इतका जवळ असल्यामुळे इमारत उंच करायला परवानगी नाही, आणि उंच करता येत नाही म्हणून एकही बिल्डर पुनर्विकासाला हात लावत नाही. म्हणजे मजले चार, लिफ्ट नाही, आणि चौथ्या मजल्यावर गुणाजी परबांची बायको.

रत्नप्रभाचे गुडघे गेल्या दिवाळीत संपावर गेले ते पुन्हा कामावर आलेच नाहीत. जिना बंद झाला. त्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. देव घरात होता, टीव्ही घरात होता. पण मासे? मालवणकडची बाई, स्वतःच्या हाताने कल्ले उघडल्याशिवाय तिने जन्मात मासा घेतला नव्हता. आता जयंती मासेवाली खाली उभी राही आणि रत्नप्रभा खिडकीतून ओरडे, “कल्लो उघडून दाखव गे!” जयंती दाखवायची, पण चौथ्या मजल्यावरून काय कपाळ दिसणार? मग दोरीला बांधलेली पिशवी खाली जाई आणि शिळे बांगडे घेऊन वर येई. एकदा कढईसमोर उभी राहून ती मुकाट रडत असलेली गुणाजींनी पाहिली.

ते सोसायटीकडे गेले. तळमजल्यावर ऑफिसची खोली होती, मोरी-संडाससकट. ती कायम कुलपात असे आणि आत गणपतीचं मखर आणि मोडका कॅरम राहत असे. “आमचं घर तुम्ही घ्या, ही खोली आम्हाला द्या,” गुणाजी म्हणाले. सेक्रेटरी कुंदाताई गोखले या निवृत्त शिक्षिका. त्यांनी नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत चाळलं आणि म्हणाल्या, “सभासदाला ऑफिस द्यायची तरतूद नाही.” तरतूद हा शब्द त्या अशा उच्चारत, की समोरच्याला आपण चोरी करताना सापडलो असं वाटावं.

अशात शौनक आला. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचा तरतरीत मुलगा, हातात लॅपटॉप. कंपनीची योजना साधी होती, असं तोच म्हणाला. तेल वाहणारी अवाढव्य जुनी जहाजं घ्यायची, मढच्या समोर समुद्रात एकमेकांना जोडायची, पाठीवर धावपट्टी घालायची. मोठाली विमानं तिथेच उतरतील, जहाजाच्या पोटात राहतील, आणि पोटातून डेकवर यायला त्यांच्यासाठी भलीमोठी लिफ्ट असेल. मोठी विमानं तिकडे गेली की अंधेरीचं आभाळ मोकळं आणि ‘सागरदर्शन’ बावीस मजली. फक्त विमानांखालच्या सोसायट्यांची संमतीपत्रं हवीत.

“लिफ्ट?” गुणाजींनी विचारलं. बाकी काही त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

सर्वसाधारण सभा भरली. लाटांचं काय, वाऱ्याचं काय, असलं काही कुणी विचारलं नाही. अध्यक्ष बाळ खरे उठले आणि म्हणाले, “पार्किंगचं काय?”

“कुणाच्या?” शौनकने विचारलं.

“कुणाच्या म्हणजे? विमानांच्या! इथे आमच्या चंद्रप्रकाशची बंद गाडी गेटात उभी आहे, ती आजवर कुणाच्या बापाला हलवता आलेली नाही. तिथे समुद्रात विमान अडकलं तर काय मच्छीमार ढकलणार?”

सभा एकदम जिवंत झाली. पाहुण्या विमानांनी कुठे राहायचं, विकलेल्या विमानाची जागा नव्या मालकाला मिळणार का, यावरून दोघांची बोलाचाल बंद झाली. शेवटी ठराव झाला: प्रत्येक मोठ्या विमानाला तळपातळीवर, डोक्यावर छप्पर असलेली एक कायमची जागा मिळेल आणि ती नंतर कुणालाही काढून घेता येणार नाही. कुंदाताईंनी तो स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिला.

शौनकने संमतीपत्रं पुढे केली. एकाही हाताने पेन उचललं नाही.

“सॅम्पल दाखवा आधी,” बाळ खरे म्हणाले. “फ्लॅट घेताना सॅम्पल फ्लॅट दाखवतात ना? मग हे काय यार, न बघता सही?”

शौनक हसला. दुसरं कुणीच हसत नाही हे बघून तो थांबला.

“आणि पार्किंगचा ठराव सॅम्पललाही लागू,” कुंदाताईंनी शेवटी एक ओळ वाढवली.

गुणाजींनी आयुष्यभर गोरेगावच्या स्टुडिओत सेट ठोकले होते. त्यांचे जुने सोबती आले आणि त्यांनी गच्चीवर प्लायवूडचा डेक अंथरला, राखाडी रंग मारला, टाकीला नांगर टांगला. कंपाउंड म्हणजे जहाजाचं पोट ठरलं. लिफ्ट मात्र कंपनीने खरी बसवली, कारण तिचा सगळा अभिमान त्या लिफ्टमध्येच होता. बाहेरच्या भिंतीला लागून कंपाउंडपासून गच्चीपर्यंत जाणारा तो लोखंडी पाट बघून गुणाजींची झोप उडाली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळे नटूनथटून गच्चीवर जमले आणि लक्षात आलं, की विमान नाही. ट्रकवरून एका जुन्या विमानाचं धूड आणलं होतं, पण ते चंद्रप्रकाशच्या गाडीमुळे गेटाबाहेरच अडकलं होतं. शौनकच्या तोंडचं पाणी पळालं. रिकामी लिफ्ट दाखवून सह्या मिळणार नव्हत्या.

“माणसं चालतील का?” गुणाजींनी हळूच विचारलं.

“विमानांची लिफ्ट आहे परब,” कुंदाताई म्हणाल्या. “माणसांची तरतूद नाही.”

गुणाजी आजवर सभेत कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आता ते ओरडलेच. “मग माझ्या बायकोला विमान धरा!”

तेवढ्यात डोक्यावरून खरं विमान गेलं, म्हणून सगळ्यांना विचार करायला उसंत मिळाली.

“ठरावात मोठं विमान आहे,” बाळ खरे म्हणाले.

“मग या खाली आणि बघून घ्या!” गुणाजी म्हणाले.

मतदान झालं. विरोधात एकच मत पडलं, तेही चौथ्या मजल्याच्या खिडकीतून. “मोठा कोणाक म्हणतास रे मेल्यांनो?” पण खाली जयंती बांगडे घेऊन बसली आहे हे कळताच रत्नप्रभाने ते मागे घेतलं.

चौघांनी तिला खुर्चीसकट गच्चीवर नेलं. खाली जायसाठी वर कशाला, म्हणून ती वाटभर चौघांना झोडत होती. बाळ खरेंनी टेबलटेनिसच्या दोन बॅटी हलवून इशारा केला आणि पाट हलला. गुणाजींनी तिचा हात धरला होता, तिने डोळे मिटले होते. दुसऱ्या मजल्याशी तिने डोळे उघडले आणि खऱ्यांचे पडदे किती मळलेत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

पाट टेकला. ती खुर्चीतून उठली, चपला काढल्या आणि पायाचा अंगठा जमिनीवर दाबून बघितला. मग पदर तोंडाला लावला. गुणाजींनाही रडू आवरलं नाही, आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

जयंतीच्या टोपलीपाशी जाऊन तिने एका बांगड्याचे कल्ले उघडले. “शिळो!” ती आनंदाने ओरडली. जयंती हसली आणि बर्फाखाली लपवलेले ताजे तिने बाहेर काढले.

“चला काकू, आता वर,” शौनक म्हणाला.

“वर कित्याक? मी विमान मां? मगे माझी जागा खंय आसा ती सांग.”

एव्हाना जिन्याने सगळी सभा खाली उतरली होती. कुंदाताईंनी ठराव उघडला. तळपातळीवर. डोक्यावर छप्पर. कायमची. सॅम्पललाही लागू. त्यांनी कंपाउंडभर नजर फिरवली. छप्पर असलेली जागा एकच होती. अक्षर त्यांचं स्वतःचंच होतं, टपोरं; त्यांनी पर्समधून ऑफिसची किल्ली काढली.

“तरतूद आहे,” त्या म्हणाल्या.

सह्या कुणी केल्याच नाहीत. कंपनी आपली लिफ्ट उचलून निघून गेली, प्लायवूड गणपतीच्या मंडपाला लागलं, विमानं अजून डोक्यावरूनच जातात आणि इमारत चार मजलीच आहे. पण प्रात्यक्षिकाच्या त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी हळूहळू खाली येत होती. ती सोडत होते गुणाजी, आणि ऑफिसच्या दारात उभी राहून वर बघत रत्नप्रभा ओरडत होती, “कढई आधी सोडा! चादर मागसून!”