रंग गेला कुठे

नाहीसं होणं या गोष्टीवर थोरलीचा काडीचा विश्वास नव्हता. उभा जन्म रंगाच्या कढयांपाशी गेलेला. रंग कापडात जातो, नखांत जातो, मोरीच्या फरशीत जाऊन बसतो. पण नुसता 'गेला' असा तो कधी जात नाही. आणि कालपरवा घरात आलेली सून, चार बुकं जास्त शिकलेली, कारखान्याच्या लाल पाण्याने भरलेल्या हौदापाशी उभी राहून म्हणत होती, ही काळी पूड टाकू, उन्हात ढवळू, रंग उरणार नाही.

"काळं घालून पांढरं करायचं?" थोरली म्हणाली. "हे मी बोलले असते तर माझं डोकं तपासायला नेलं असतं तुम्ही."

कढईपाशी बसलेला रंगारी फिस्सकन हसला.

हसण्यासारखं काही नव्हतं. मागे हेच पाणी उताराने धाकट्या जावेच्या तळ्यात गेलं आणि तिचे मासे पोटं वर करून तरंगले. तेव्हापासून हौदाचं तोंड बंद, आणि दोघी जावांचंही. आता तळं आटत आलं होतं. उरल्यासुरल्या माशांना पाणी हवं होतं, आणि पाणी होतं थोरलीच्या हौदात.

"पुडीवर ऊन पडलं की ती रंगाचे तुकडे करते," सून सांगत होती. "त्यात लोखंडही बसवलंय, म्हणून चुंबकाने पूड परत काढता येते. नॅनोकॉम्पोझिट म्हणतात."

"मोठ्या नावाखाली बरंच काही झाकता येतं," थोरली म्हणाली, आणि सुनेची पाठ वळताच हौदातलं बादलीभर पाणी उपसून, चिमूटभर पूड टाकून, घट्ट झाकण लावून अंधाऱ्या कोठीत ठेवून आली.

ऊन कलेपर्यंत हौद निवळला. थोरलीने कोठीतली बादली उघडली, तर तिचंही पाणी फिकं झालेलं! असा आनंद तिला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

"सूनबाई, ये इकडे. इथे अंधारात कोण तुकडे करत बसलं होतं गं? तुझी पूड रंग पिते नुसती. आज पोटात ठेवते, उद्या तळ्यात ओकेल."

सून ओशाळली नाही. थोरलीचा संशय आणखीच बळावला.

"पिते ना, आई. आधी अंगाला चिकटवून घेते. मग ऊन मिळालं तरच तोडते. दोन्हीकडची पूड स्पिरिटने धुऊन बघा की."

थोरलीने चुंबक तिच्या हातून काढूनच घेतला. हौदातली पूड एका वाटीत, कोठीतली दुसरीत. वर स्पिरिट ओतलं. कोठीतल्या पुडीने लालभडक रंग सोडला. हौदातल्या पुडीने काहीच नाही. थोरलीने वाटी हलवली, हुंगली, पांढरी चिंधी बुडवून खिडकीशी धरली. चिंधी पांढरीच.

"माझे डोळे गेलेत का, बघ रे," तिने रंगाऱ्याला हाक मारली.

"डोळे ठणठणीत आहेत बाई. पटत नाहीये तुम्हाला, एवढंच."

"तू तुझी कढई बघ!"

मग ती सुनेकडे न बघता म्हणाली, "बरी शिकलीस. चल, सोडते पाणी." धाकटीला पाणी आपल्या हाताने द्यायचं, हे तिने मनात कधीचं ठरवलं होतं. तिने व्हॉल्व्हला हात घातला, तर सुनेने वर हात ठेवला.

"आत्ता नको, आई."

"का? आता काय लपवलंस?"

"काही नाही. रंग तुटला हे आपण पाहिलं. तुकडे कसले झाले ते नाही पाहिलं. काही तुकडे रंगाहून वाईट असतात, आणि ते दिसत नाहीत. अजून ऊन देऊ, मग पाणी तपासायला पाठवू."

थोरलीने हौदात पाहिलं. तळाची चीर न् चीर दिसत होती. घाण म्हणजे जी दिसते ती, एवढ्यावर तिने आजवर कारखाना चालवला होता.

भिंतीवरून डोकावणाऱ्या धाकटीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. "जाऊबाई, पाणी तर लख्ख दिसतंय! सोडताय, की लोणचं घालताय त्याचं?"

"लख्ख दिसतंय म्हणूनच सोडत नाही!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला कळत नाही!" थोरली ओरडली. रंगाऱ्याचा हात कढईतच थांबला. "या पोरीला कळतं. तपासून येईपर्यंत थांब."

"आणि तोवर माझ्या माशांनी काय हवा प्यायची?"

थोरलीने विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "विहिरीचं आणते. आम्ही तिघं वाहतो."

रंगारी बादल्या उचलायला धावला. "त्या नकोत, मेल्या! रंगाच्या आहेत. घरातल्या आण."

त्याने आणलेली बादली थोरलीने उजेडात धरली. आत कुठे डाग नव्हता. तिने बराच वेळ पाहिलं, आणि मग खाली बसून ती घासायला घेतली.