वरवरचा गंज

तारेचा ब्रश इंजिनाच्या जड चाकावरून, फ्लायव्हीलवरून, चार-पाच वेळा फिरला आणि तांबडी भुकटी मेकॅनिकच्या मनगटावर बसली. खालचं लोखंड स्वच्छ निघालं. गंज वरवरचाच होता; खाऱ्या हवेत तीन आठवडे पडून राहिलेल्या इंजिनाला येतो तेवढा.

होडी त्याच्या मेहुण्याची. भर समुद्रात रिकामी तरंगताना सापडली. मेहुणा दोन दिवसांनी सापडला, किनाऱ्याला. चौकशी आटोपल्यावर होडी धक्क्यावरच्या या शेडमध्ये ओढून आणली, तेव्हा धाकटी बहीण एवढंच म्हणाली होती,

"दादा, उघडून बघ. इंजिन बंद पडलं होतं का, तेवढं मला सांग."

त्याच्या पुढचं तिनं विचारलं नव्हतं. पण मेहुण्यानं स्वतःहून पाण्यात उडी घेतली, अशी धक्क्यावर कुजबुज होतीच. लोकांचं तोंड कोण धरणार?

मेकॅनिकच्या मनात भीती वेगळीच होती. अपघाताच्या आठच दिवस आधी, इंजिनात गार पाणी फिरवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा त्यानं स्वतः बदलला होता. मेहुणा शेजारी डब्यावर बसून चहा पीत होता.

"तुझ्या बहिणीपेक्षा हे शांत चालतं बघ," असं म्हणून हसलाही होता. मग जरा वेळानं म्हणाला, "बरेच दिवस इंजिन चालवायचं नसेल, तर काय करतात रे?"

"पाण्याचा कॉक बंद, डिझेलचा बंद, आणि उघड्या लोखंडाला ग्रीस. जावयाला तूप वाढतात तसं, हात सैल सोडून."

मेकॅनिकनं वर मान करून पाहिलंही नव्हतं.

आता त्यानं पंपाचं झाकण काढलं. पंखा शाबूत होता, एकही पातं दुमडलेलं नव्हतं. म्हणजे त्याच्या हातून चूक झाली नव्हती. मग सवयीनं त्याचा हात खाली पाण्याच्या कॉककडे गेला.

कॉक बंद होता.

डिझेलचाही बंद होता. चालत्या होडीत हे दोन्ही कॉक कुणी बंद करत नाही. त्यानं हातातली बॅटरी पेटवून जवळ धरली. नळ्यांच्या जोडांवर, शाफ्टवर, नटांवर पिवळं ग्रीस जाडसर फासलेलं होतं. त्यात बोटं उमटली होती. फ्लायव्हीलपर्यंत येताना ते संपलं असावं. गंज तेवढ्याच भागाला चढला होता.

मेकॅनिक तिथंच खाली बसला. मागे राहणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून त्या माणसानं भर समुद्रात बसून इंजिनाला ग्रीस फासलं होतं, आणि कसं फासायचं ते यानंच शिकवलं होतं.

बाहेर वाळूवर बहिणीच्या चपला वाजल्या.

त्यानं दोन्ही कॉक उघडले. फडकं घेऊन भराभरा ग्रीस पुसून काढलं. मग पंखा तळहातावर घेतला, क्षणभर पाहिला आणि पकडीनं त्याची तीन पाती फाडली.

ती दारात उभी राहिली. "कळलं का काही?"

"हा पंखा फाटला. पाणी फिरेना, मग इंजिन तापून बंद पडलं."

ती जवळ आली. "हा तर तूच बसवला होतास."

"हो. घाईत बसवला. माझं चुकलं."

फाटलेलं रबर तिनं हातात घेतलं. मग अगदी हळू म्हणाली,

"म्हणजे, परत यायला निघाले होते ते?"

"घरीच येत होता."

तीन आठवडे कोरडी राहिलेली ती तिथल्या तिथे कोसळली. इंजिनाला कपाळ टेकून रडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती अंग चोरून बाजूला झाली.

"हात लावू नकोस मला, दादा."

पदरानं तोंड पुसत ती उठली.

"पोरीला सांगते आता, बाबा येतच होते म्हणून. आणि तू आमच्याकडे येऊ नकोस. तुझ्याकडे बघवणार नाही मला."

"बरं," तो म्हणाला.

ती निघाली. गेले तीन आठवडे ती दर चार पावलांवर भिंतीला हात टेकत चालत होती. जाताना मात्र ती कुठे थांबली नाही. भरभर चालत, सरळ घराच्या वाटेला लागली.

मेकॅनिकनं ब्रश उचलला आणि राहिलेला गंज काढायला घेतला.